काचेतला शूर

मी समुद्रातला दवणा बोलतोय. हसू नका, नाव मी ठेवलेलं नाही. तमिळ किनाऱ्यावरच्या पांबन गावच्या बायका मला मरिकोळुंदू म्हणतात, म्हणजे तुमचा दवणाच. त्यांना मला पाहून देवळातल्या हाराची आठवण कुठून झाली कोण जाणे. वाळवायला घातलं की माझ्या अंगाला सडक्या मासळीचा वास येतो. माणसांचं नाव ठेवण्याचं शहाणपण इथूनच सुरू होतं.

जातीने मी शेवाळ. किनाऱ्यापुढच्या बुडालेल्या खडकांवर पुरुषभर पाण्याखाली माझा जन्म झाला. लाटा डोक्यावरून जायच्या, मासे अंगाला तोंड लावून पाहायचे आणि मी खडक धरून असायचो. खडक धरणं हीच माझी एकमेव विद्या. ती नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्यावरूनच सगळा गोंधळ झाला.

मला खुडलं राक्कम्माने. पन्नाशीची, काटक बाई. डोळ्यांवर काचेचा चष्मा, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कमरेला जाळीची पिशवी. एका दमात खाली यायची आणि मूठभर घेऊन वर जायची. तिच्या वाडीतल्या बायकांनी आपसात ठरवलेलं आहे, महिन्याचे बाराच दिवस समुद्रात उतरायचं आणि खुडायचं ते वरचं. मूळ खडकाला ठेवायचं. एखादी नवी पोर मुळासकट उपटू लागली की राक्कम्मा पाण्यातून डोकं काढून ओरडायची, "अगं भवाने, मूळ कुणासाठी नेतेस? पुढच्या महिन्यात काय खडक चाटणार?" माणसांत शहाणं असं मी एवढंच ऐकलं.

माझी एक जुडी राक्कम्माच्या घरी आली आणि दुसरी गेली इन्बवल्लीबाईंकडे. या बाई किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांनी मला धुतलं, वाळवलं, दळलं, उकळलं आणि गाळलं. आम्ही शेवाळं तुकड्यातुकड्यातही पुरती जिवंत असतो, त्यामुळे तिथलंही मला सगळं ठाऊक आहे. काचेच्या बशीत माकडाच्या पेशी वाढवलेल्या होत्या. त्यांच्यावर त्यांनी एक विषाणू सोडला. ओठावर जर, म्हणजे पाण्याचे बारीक फोड, उठवतो, कुणाच्या डोळ्यात शिरतो, तोच तो. माझा अर्क बशीत आधी घातला तेव्हा मी त्या विषाणूला असा चिकटलो की त्याला पेशीवर पाय ठेवता येईना. तो आधीच आत शिरलेला असला, तर मात्र मी बाहेर हात चोळत बसायचो.

एवढाच माझा पराक्रम. काचेच्या बशीत, माकडाच्या पेशींवर.

बाईंनी पेपरवाल्याला हे तासभर सांगितलं. "काचेत" हा शब्द त्यांनी वीस वेळा तरी उच्चारला असेल. "कदाचित" आणि "अजून बरीच वर्षं" हे शब्दही होते. पेपरवाल्याने सगळं लिहून घेतलं आणि छापताना नेमके तेवढेच शब्द गाळले. मथळा दिला, "अक्कीवर समुद्राचा उतारा".

अक्की म्हणजे ओठावरचा जर. नागीणही अक्कीच. अंगावर फोड उठला की इकडे तो अक्कीच असतो, आणि अक्कीचा वैद्य कोण, तर कुंभार. राक्कम्माच्या वाडीत कुरुनाथन वेळार नावाचा म्हातारा कुंभार आहे. तो कोंबडीच्या पिसाने गेरू लावून फोडांभोवती सिंह काढतो. सिंह अक्कीला खातो म्हणे. त्याच्या सिंहाला मी कित्येकदा राक्कम्माच्या गालावर समुद्रात उतरताना पाहिलं आहे. शेपटी कानापर्यंत, आणि तोंड बघाल तर मांजराचं. त्या सिंहाने आयुष्यात मुंगी खाल्ली नसेल.

पण म्हातारा सिंह काढून झाल्यावर एक दम भरायचा. "रंग आपोआप झडेपर्यंत कुणाच्या ताटात जेवायचं नाही. तान्ह्या पोराच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. टाकलंस तर सिंह उलटेल." कारण खुळचट होतं, पण दम सोन्यासारखा होता.

त्या महिन्यात राक्कम्माची लेक सेल्वराणी बाळंतपणाला आली होती. दोनदा दिवस भरण्याआधीच पोट रिकामं झाल्यावर तिसऱ्या खेपेला मुलगी झाली. राक्कम्मा त्या पोरीच्या पाळण्यापासून हलेना. पोर पाच दिवसांची झाली आणि राक्कम्माच्या ओठावर जर उठला. उन्हातान्हात राबलं की तो उठायचाच. ती गुपचूप उठून कुंभाराकडे निघाली, तर दारात तिचा धाकटा भाऊ मुनियसामी आडवा आला.

या मुनियसामीबद्दल काय सांगू? चहाच्या दुकानात बसून पेपर मोठ्याने वाचणं हाच त्याचा उद्योग. वाचायचा मथळा, उरलेलं स्वतःच रचायचा.

"अक्का, अजून तोंडावर मांजर काढून फिरणार?" तो म्हणाला. "हे बघ पेपरात काय आलंय. तू रोज खुडून आणतेस ना, त्यानेच अक्की मरते. घरात औषधाची रास घालून बाई निघाली कुंभाराकडे!"

"इन्बवल्लीबाई तर मला काही बोलल्या नाहीत."

"त्या कशाला बोलतील? पेपरवाल्याला बोलल्यात की. छापलेलं खोटं असतं होय?"

त्याने मला खलात घातलं, खोबरेल तेलात कुटलं आणि काचेच्या बरणीत भरलं. बरणीवर पेपरचं कात्रण चिकटवलं. सेल्वराणीच्या या मामाला बारशाआधीच मान मिळाला, छाती फुगली. राक्कम्माने दिवसातून चारदा मला ओठाला लावलं आणि जुन्या सवयीने ती पाळण्यापासून लांब राहिली. सहाव्या दिवशी फोड सुकून खपली धरली. तो दरवेळी असाच सुकतो, सिंह काढा नाहीतर तेल लावा. पण श्रेय यावेळी मला मिळालं. मी बरणीत बसून ओरडत होतो, पण शेवाळाचं कोण ऐकतो?

"अम्मा, वेळार आजोबा म्हणायचे की रंग झडेपर्यंत..." सेल्वराणीने बोलून पाहिलं.

"अगं, ते सिंहाचं पथ्य. इथे सिंह कुठंय?" राक्कम्मा हसली आणि सहा दिवसांची भूक भागवावी तशी तिने नातीच्या डोळ्यांच्या पापण्यांचे मुके घेतले.

म्हाताऱ्याचा सिंह गेला आणि त्याच्याबरोबर पथ्यही गेलं. अडाणीपणातला एक कामाचा भाग होता, तेवढाच नेमका या शहाण्यांनी फेकून दिला. राग मला याचाच येतो.

आठवड्याने पोर दूध ओढेना. अंग तापलं, डाव्या डोळ्याच्या कडेला बारीक फोडांचा झुबका आला. मुनियसामी धावत बरणी घेऊन आला आणि त्याने दोन बोटं माझ्यात बुडवली. त्या पोरीच्या डोळ्यात जाऊन मी काय दिवे लावणार होतो ते मला माहीत होतं. नशीब, इन्बवल्लीबाई नव्या जुड्या न्यायला त्याच सकाळी दारात आल्या.

"बरणी खाली ठेवा."

"बाई, तुमचंच तर औषध आहे!"

"माझं नाही. कुणाचंच नाही. ते अजून औषध झालेलंच नाही!" बाईंचा आवाज चिरकला. "रिक्षा बोलवा. पोरीला आत्ताच्या आत्ता रामनाथपुरमच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. आणि ती बरणी पिशवीत टाका, काय काय लावलंत ते डॉक्टर विचारतील."

म्हणून मीही गेलो. एकवीस दिवस पोरीच्या इवल्या हाताला सुई होती. सुईतून जात होतं ते रोजचं, दुकानात मिळणारं, कुणी ज्याचा मथळा करत नाही असं औषध. त्यानेच पोर वाचली. डाव्या डोळ्याच्या बुबुळावर मात्र तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग राहिला. मामा पहिल्या दिवशी आला, नंतर त्याला फार कामं निघाली.

दवाखान्याच्या पायरीवर राक्कम्मा बसली होती. "पण फोड सुकला होता हो," ती पुन्हापुन्हा म्हणत होती. "सुकलेला मी डोळ्यांनी पाहिला."

बाई तिच्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "अक्का, तुम्ही मरिकोळुंदू खुडता तेव्हा खडकावर काय ठेवता?"

"मूळ."

"का?"

"परत यावं म्हणून..." आणि राक्कम्मा थांबली. तिने ओठाला हात लावला. चाळीस वर्षं समुद्रात जी गोष्ट ती ओरडून सांगत आली, ती स्वतःच्या तोंडावर तिला दिसली नव्हती. "म्हणजे हे माझ्या आतच आहे? कायमचं?"

"नसेत मूळ धरून बसतं. वरचं सुकतं, पुन्हा उगवतं. आणि खपली पूर्ण पडेपर्यंत दुसऱ्याला लागू शकतं."

राक्कम्मा रडली नाही. पदर तोंडावर घेऊन ती तशीच बसून राहिली. मला राक्कम्माची चीड आली होती, ती तेव्हा ओसरली. बाकीच्यांची आहे ती आहेच.

आता मी तिच्या घरी खिडकीच्या फळीवर आहे. तेल खवट झालं आहे. कात्रण भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं आहे. मला कुणी उघडत नाही, फेकतही नाही. इन्बवल्लीबाई अजून बशा मांडतात आणि माझी भावंडं त्यांत पराक्रम करतात. होईलही कधीतरी त्यांचं औषध. माझ्याकडून मी नाही म्हणत नाही. मुनियसामी चहाच्या दुकानात परवा मधुमेहावरचा मथळा वाचत होता.

परवाच राक्कम्माच्या ओठावर पुन्हा जर उठला. तिने समुद्रात उतरताना बोटांना बांधते त्यातलीच एक धुतलेली चिंधी तोंडाला बांधली, पोर निजवलेल्या साडीच्या झोळीला लांब दोरी लावली आणि खोलीच्या पार दुसऱ्या भिंतीला जाऊन बसली. तिथून ती दोरी ओढते आणि चिंधीआडून गाणं म्हणते. पोर डाग पडलेल्या डोळ्याने आवाज कुठून येतो ते शोधते.

वाचणाऱ्यांनो, मला डोक्यावर घेऊ नका आणि डोळ्यात तर मुळीच घालू नका. काचेतून बाहेर यायला मला वेळ लागणार आहे. तोवर राक्कम्माच्या झोळीची ती लांब दोरी आखूड करायला कुणी मथळा घेऊन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.