फक्कीची रेघ आणि नंबर सतरा

मित्रांनो, आधी माझ्या पोटावरचा आकडा वाचा. तांबडा रंग आता फिकट झाला आहे, पण सतरा हा आकडा अजून कळतो. शिरूर कासारच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक गाव आहे. त्या गावच्या दूध सोसायटीचा मी एक जुना कॅन आहे.

माझा जन्म ॲल्युमिनियमच्या सपाट पत्र्यापासून झाला. एका मोठ्या यंत्राने तो पत्रा हळूहळू दाबत खोलगट केला, मग माझी मान आवळली आणि कडी बसवली. मी लोखंडासारखा गंजत नाही आणि त्याच्या मानाने वजनाला फार हलका आहे. याचा मला थोडा अभिमान आहे, तो तुम्ही समजून घ्याल.

सोसायटीने प्रत्येक सभासदाला त्याच्या नंबराचा एकेक कॅन दिला. मी डोंगरवस्तीवरच्या मनकर्णाच्या घरी गेलो. तिच्याकडे मोरी नावाची एकच गाय होती. रोज पहाटे मोरीचं कोमट दूध माझ्यात पडायचं, मनकर्णा झाकण घट्ट लावायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि मला घेऊन डोंगर उतरायची. वाट अरुंद, मुरमाड आणि निसरडी. दूध फार हिंदकळलं तर त्यातली चरबी वेगळी होऊ लागते आणि झाकणाला लोण्याचे कण चिकटतात. म्हणून ती गुडघे किंचित वाकवून छोटी छोटी पावलं टाकायची. पाय खालीवर होत, पण डोकं एका पातळीत सरकत जाई. माझ्या आतलं दूध जणू घरातच ठेवलेलं असे.

सोसायटीत एक शिस्त होती. दूध तपासायच्या टेबलासमोर सेक्रेटरी त्रिंबकभाऊ रोज चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ ओढत. आपला नंबर पुकारल्याशिवाय ती रेघ कोणी ओलांडायची नाही. पूर्वी एकदा गर्दीत टेबलाला धक्का लागून दुधाची घनता मोजायची काचेची नळी फुटली होती, तेव्हापासूनचा हा नियम. त्रिंबकभाऊ एक नंबरापासून सुरुवात करत आणि ओळीने पुकारत जात. बायांच्या पायांना त्या रेघेची इतकी सवय झाली होती की गप्पा मारत आल्या तरी पाय तिथे आपोआप थांबत.

मग ते वर्ष आलं. सलग दुसऱ्यांदा पाऊस झाला नव्हता. वस्तीवरची निम्मी माणसं ऊसतोडीला गेली. मनकर्णाचा नवरा गहिनीनाथही गेला. मागे राहिल्या मनकर्णा, तिची सासू वत्सलाबाई आणि मोरी. कडब्याची गंजी संपत आली. मोरीच्या बरगड्या दिसू लागल्या आणि मी अर्धासुद्धा भरेना.

"मनकर्णे," एका संध्याकाळी वत्सलाबाई म्हणाल्या, "रविवारी मोरीला बाजारात न्यावं लागंल. उपाशी मारण्यापरीस दुसऱ्याच्या दावणीला तरी जगंल."

 मनकर्णा माझं झाकण पुसत राहिली, पुसून झालं तरीही.

त्याच आठवड्यात सोसायटीचा वर्धापनदिन होता. दुष्काळात जेवणावळ नको, त्याऐवजी डोंगरवाटेवर धावण्याची शर्यत घेऊ, असं संचालकांनी ठरवलं. सोसायटीच्या अंगणातून निघायचं, वरच्या खिंडीत कपाळाला गुलाल लावून घ्यायचा आणि परत यायचं. बायांमध्ये जी पहिली येईल तिला ट्रॉलीभर कडबा. शर्यत होती शनिवारी.

"आत्याबाई, मी पळू का?" मनकर्णाने विचारलं.

"मला इचारतीस कावून? मोरीला इचार," सासूबाई म्हणाल्या आणि पदराआड हसल्या.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या भिवराबाईला घेऊन वाटेवर सराव केला. मी बांधावर बसून पाहत होतो. मोकळ्या डोक्याने पळताना मनकर्णा दोनदा अडखळली. तिचा उजवा हात सारखा डोक्यावर जाई.

"अगं, वर काय न्हाई, मग हात कशाला धरतीस?" भिवराबाई हसून खाली बसली.

"डोकं रिकामं असलं की मान डुलायला लागती," मनकर्णा वैतागून म्हणाली. मग तिने मला उचललं, चुंबळीवर ठेवलं आणि तीच वाट न अडखळता पळून आली. भिवराबाईचं हसू थांबलं. "बाई गं, तू तर कॅनसकटच पळ!"

शनिवारी अंगणात जत्रेसारखी गर्दी होती. मला पाहून चेअरमन सुंदरराव म्हणाले, "मनकर्णाबाई, आज संकलन बंद हाय. कॅन कावून आणला?"

"कॅन आणू नका, असं नियमात हाय का?"

चेअरमननी त्रिंबकभाऊंकडे पाहिलं. त्रिंबकभाऊंनी मान हलवली. "तसं काय न्हाई बुवा."

शेजारी कालिंदा उभी होती. ती पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज मैदानावर पळायची आणि तिच्या पायात भारी बूट होते. "काकू, खाली ठेवा ना तो. दमाल उगंच," ती म्हणाली.

"तू बूट काढतीस का? मग मी कॅन ठेवते."

कालिंदा खळखळून हसली आणि शिट्टी वाजली.

मी रिकामा होतो, झाकण दोरीने बांधलेलं होतं, त्यामुळे माझ्या पोटात मनकर्णाचा श्वास घुमत होता. चढावर कालिंदा सगळ्यांच्या पुढे गेली. तिची पावलं लांब होती आणि दम मोठा होता. भिवराबाई आमच्या मागून ओरडत होती, "मनकर्णा, कडबा चालला बघ पुढं!" खिंडीत शाळेच्या बाईंनी गुलाल लावला तेव्हा कालिंदा उताराला लागलीसुद्धा होती.

पण उतार हा आमचा होता, मित्रांनो. लांब पाऊल टाकलं की टाच मुरमावर आदळते आणि खडे घसरतात. कालिंदा दर वळणावर हात पसरून स्वतःला सावरत होती. मनकर्णाचे गुडघे वाकलेले, पावलं आखूड, मान सरळ. मी एकदाही डुललो नाही. बोरीच्या वळणावर आम्ही कालिंदाला गाठलं.

"काकू, अहो जपून!"

"तूच जप, बाई. ही माझी रोजची वाट हाय."

डोंगर संपला आणि सपाट रस्ता आला. आता मागून बुटांचा आवाज पुन्हा जवळ येऊ लागला. अंगण दिसलं, माणसांचा कल्ला ऐकू आला. शर्यत जिथे संपणार होती तिथे त्रिंबकभाऊंनी रेघ ओढली होती. सोसायटीचीच फक्की, रोजचीच जागा, समोर तेच टेबल.

डोक्यावर मी आणि पुढ्यात ती रेघ. मनकर्णाचे पाय तिथे थांबले.

गर्दीत एकच ओरडा झाला. "पुढं व्हा!" "ओलांडा की!" त्या गोंधळात तिला शब्द कळेनात. ती धापा टाकत त्रिंबकभाऊंकडे पाहत राहिली. कालिंदा फाटकातून आत आली होती.

"बाई, थांबल्या कावून?" चेअरमन किंचाळले.

"नंबर कुठं पुकारला?" मनकर्णा म्हणाली.

त्रिंबकभाऊंच्या तोंडात तंबाखू होती. त्यांनी ती घाईने थुंकली, छाती भरून श्वास घेतला आणि रोजच्या सवयीने ओरडले, "एक!"

मी हादरलो. त्यांनी सतरापर्यंत मोजेस्तोवर कालिंदा कधीच पोहोचली असती.

"दोन!"

"बे त्रिंबक," चेअरमननी त्यांना खांद्याला धरून हलवलं, "दूध घ्यायला बसलास का? सतरा म्हण, सतरा!"

"सतरा!"

मनकर्णाने एक पाऊल टाकलं. दुसरं पाऊल पडलं तेव्हा कालिंदाचा हात तिच्या पाठीला लागला, पण रेघ मागे राहिली होती. आणि खरं सांगतो, सवयीने तिने मला टेबलावर ठेवून झाकणसुद्धा उघडलं. आत फक्त वारा होता. त्रिंबकभाऊंनी वाकून आत पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "फॅट न्हाई लागत." तेव्हा मात्र कालिंदा हसता हसता खालीच बसली. थोड्या वेळाने भिवराबाई आली, रेघेपाशी थांबली आणि आपला नंबर पुकारायची वाट पाहू लागली.

त्या संध्याकाळी ट्रॉली वाट संपते तिथपर्यंत आली. पुढे वस्तीवरच्या बायांनी पेंढ्या डोक्यावर वाहून नेल्या. कालिंदानेही दोन पेंढ्या नेल्या आणि उतारावर पाऊल कसं टाकायचं ते मनकर्णाकडून शिकून घेतलं. रविवारचा बाजार भरला आणि उठला. मोरी दावणीला उभी राहून कडबा चघळत होती. वत्सलाबाई तिच्या शेजारी बसून होत्या, जणू कोणी अजूनही न्यायला येईल.

पुढच्या पावसाळ्यात मोरीला कालवड झाली. मग घरात चकचकीत स्टीलचा कॅन आला आणि मला कोपऱ्यात टाकलं. माझ्यात कधी भुसा भरला, कधी काहीच नाही. एका पावसाळ्यात तर बेडकाने माझ्यात मुक्काम केला. वाईट वाटलं, पण मी कोणाला दोष देत नाही. नवं भांडं घासायला सोपं असतं.

मित्रांनो, घरातलं जुनं भांडं टाकून देण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. त्याला गळती नसेल तर त्याचं काम संपलेलं नसतं. मला तरी वेगळं काही नको. गरम पाण्याने आतून घासा, कडेच्या खाचेत बोट फिरवा, कारण दूध तिथेच आंबतं, आणि मग उन्हात उपडं ठेवा. एवढं मात्र विसरू नका. मोरीची कालवड आता स्वतः दूध देते, स्टीलचा कॅन एकटा पुरत नाही, आणि उद्या सकाळी मला डोंगर उतरायचा आहे.