चोथ्याचे मानकरी

गाळणी मोठ्या आईंच्या हातात असताना त्यांच्याशी वाद घालण्याची त्या घरात कुणाची छाती नव्हती. आज मात्र त्यांची परिचारिका सून इस्पितळातली पाळी संपवून आली ती थेट मागच्या दाराशी गेली. शेळीपुढच्या टोपल्यात गाजर-दुधीचा चोथा पडला होता, वर सफरचंदाच्या साली.

"आई, बाबांसाठी भाजी गाळायची नाही असं ठरलं होतं ना?"

"ठरवणारी तू कोण? न्यूमोनियातून उठलेल्या माणसाला मी गुरांचा चारा घालू?"

"दोनदा पडले, दोनदा उठले. औषधांनी आजाराचे जंतू मेले, तसे आतड्यातले चांगलेही मेले. उरलेत त्यांना तरी जेवू घाला. चोथा आपल्याला पचत नाही, त्यांना पचतो."

"जंतूंना जेवू घालू?" मोठ्या आई कडाडल्या. "उभा जन्म फिनेलने फरशा पुसल्या, त्या आता जंतूंच्या पंगती उठवायला?"

"उपाशी राहिले तर ते आतड्याचं अस्तरच कुरतडतात, आई. पोटभर मिळालं तर तीच भिंत राखतात. बाबा खडखडीत होतील अशी हमी मी देत नाही. पण राखणदाराला उपाशी ठेवून चोराला शिव्या कशाला द्यायच्या?"

"जीभ आवर!"

तेवढ्यात पलंगावरून खोकल्याआडून आवाज आला, "अगं, महाराणीच्या टोपल्यातलं थोडं मलाही वाढ. तिची लकाकी बघ आणि माझी कातडी बघ."

महाराणी म्हणजे शेळी. एरवी या थट्टेवर मोठ्या आईंनी चांगलं सुनावलं असतं. पण त्यांची नजर नवऱ्याच्या मनगटावर गेली. घड्याळ कोपराकडे घसरलं होतं. तिसऱ्यांदा पडले तर उठणार नाहीत, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. संताप सुनेवरून निघाला आणि त्याला जायला दुसरी जागा सापडेना. त्यांनी पळीचा दांडा गाळणीच्या जाळीतून खसकन आरपार घातला.

"घ्या! गाळा आता!"

मग पातेल्यातल्या न गाळलेल्या भाजीने वाडगा काठोकाठ भरला.

"आई, एकदम एवढं नको, पोट फुगेल. आज दोन चमचे. मग हळूहळू वाढवू, आणि पाणी भरपूर."

"म्हणजे आता जास्तही झालं!" पातेल्यावर झाकण आदळलं. तरी वाडग्यात दोनच चमचे उरले.

त्या पलंगाशी उभ्या राहिल्या. "चावून खा. आणि तुमच्या त्या आतल्या मंडळींना बजावून ठेवा, माझ्या घरात पानात टाकलेलं चालत नाही."