न सापडलेली चूक

माझ्या वर्गात छडी नव्हती. वीस वर्षांत मी एकाही मुलाला हात लावला नाही, की आवाज चढवला नाही. सकाळी देवापुढे दिवा लावताना मी एवढंच म्हणते, आज माझ्या तोंडून कुणाला कडू शब्द जाऊ नये. ते मी वर्गातही पाळायची. शेजारच्या वर्गातून टेबलावर पट्टी आपटल्याचा आवाज आला की माझी दुसरीतली मुलं एकमेकांकडे बघून हसायची. आपल्या बाई तशा नाहीत, असं त्या हसण्यात असायचं; आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

माझी शिस्त वेगळी होती. मी अबोला धरायची.

कुणी शिकवताना मध्येच बोललं, कुणी कुणाला ढकललं, की मी त्या मुलाशी बोलणं थांबवायची. रागवायची नाही. फक्त त्याच्याकडे बघायची नाही. आपलं काय चुकलं ते त्याने स्वतः शोधायचं, टेबलापाशी येऊन हाताची घडी घालून उभं राहायचं आणि चूक सांगायची. ती बरोबर असली की मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "ये. झालं." की सुटला अबोला. फळ्याशेजारी पुठ्ठ्यावर मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं : बाई बोलत नसतील, तर आपली चूक शोधावी.

आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, नव्या शिक्षिकांना माझा वर्ग दाखवायला आणायच्या. "बघा जरा. नाहीतर तुमचे वर्ग! बाजार बरा." मी मान खाली घालून हसायची.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे टकळी म्हणायचे. दिवसभर तोंड चालू. "बाई, तुमच्या चष्म्याची दांडी वाकडी झालीये. बाई, मुंग्या झोपतात का हो? बाई, माझी आई मशीनवर शिवताना इतकी बोलते, इतकी बोलते, की बाबा म्हणतात, अगं, मशीनला तरी बोलू दे!" आई घरी कपडे शिवायची. मुलीने तिची जीभ उचलली होती, असं मला वाटायचं. आठवड्यातून दोनदा तरी तिच्याशी अबोला व्हायचा, आणि मधल्या सुट्टीपर्यंत ती चूक शोधून हजर.

एका सोमवारी मी हातच्याची वजाबाकी शिकवत होते. ती उठून उभी राहिली.

"बाई, आमची आई ना..."

मी फळ्याकडे तोंड केलं.

"बाई, ऐका ना. आई ना काल मशीनवर बसल्या बसल्या..."

मागून कुणीतरी म्हणालं, "झाली टकळी सुरू!" वर्ग हसला. मी हातचा एक लिहिला, खाली रेघ मारली. पाठीमागे ती बसली, तसा बाक वाजला.

मधल्या सुट्टीत ती आली. हाताची घडी घालून म्हणाली, "मी मध्येच बोलले." मी डोक्यावर हात ठेवला. "ये. झालं." ती काय सांगत होती, ते विचारायचं राहून गेलं. तिनेही परत सांगितलं नाही.

त्या दिवसापासून ती गप्प झाली. हात वर केल्याशिवाय बोलेना, आणि हात तर वर करेचना. पाठ ताठ, पाय जुळलेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "काय हो, टकळीचा धागा तुटला की काय? जादू आहे तुमच्या हातात." जादू म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटलं.

तीन आठवड्यांनी शाळा सुटताना तिची मावशी भेटायला आली. हात ओले, पदराला पुसत होती. धुण्याच्या कामावरून तशीच आलेली.

"बाई, एक विचारू? रागवू नका. शाळेत कसला अबोल्याचा नियम आहे का?"

मी जरा अभिमानानेच म्हटलं, "आहे ना. का बरं?"

"माझ्या ताईची वाचा गेली हो." ती बाकावर टेकली. "मशीनवर बसली होती, तशीच कलंडली. डोक्यात रक्त सांडलं म्हणतात. महिना होत आला. डोळे उघडे असतात, पण बघते छताकडे. आणि ही पोर शाळेतून आली की दप्तरही न काढता खाटेपाशी उभी. हाताची घडी घालून सांगते, 'आई, मी टाचण्यांची डबी सांडली होती.' मग थांबते. मग दुसरी चूक. रोज एकेक. आता चुका संपल्या हो, बाई. न केलेल्या सांगायला लागली. काल म्हणाली, 'आई, मी काकूंचं मांजर मारलं.' मांजर खिडकीत बसून आमच्याकडे बघत होतं!" मावशी हसायला गेली आणि पदर तोंडावर धरून रडायला लागली.

म्हणजे त्या सोमवारी ती मला हेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ घेऊन बसले. म्हटलं, "बाळा, आईने अबोला नाही धरलेला. ती आजारी आहे."

गणित ऐकावं तसं तिने ऐकलं. "पण ती माझ्याकडे बघत पण नाही."

"आजारामुळे गं."

"बाबांकडे पण नाही बघत." ती विचारात पडली. "मग बाबांची पण चूक असेल."

"कुणाचीच नाही गं."

तिने मान हलवली. मोठी माणसं सांगतात तेव्हा हलवावी तशी. त्या संध्याकाळी मी भिंतीवरचा पुठ्ठा काढून टाकला. खाली पांढरा चौकोन राहिला. पण मुलांना नियम तोंडपाठ होता. मीच पाठ करून घेतला होता.

पुढच्या महिन्यात तिची आई गेली. एक शब्द न बोलता.

पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. वेणी कुणीतरी घाईत घातलेली. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, तशी ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. हाताची घडी.

"बाई, आईने शेवटपर्यंत अबोला सोडला नाही. मला चूक सापडलीच नाही. तुम्हाला माहितीये का? तुम्हाला सगळ्यांच्या माहिती असतात."

ओठ हलले, पण शब्द फुटेना. काही क्षणच गेले असतील. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिला काहीतरी समजल्यासारखं झालं. एक पाऊल मागे सरली आणि हळूच म्हणाली, "मी मध्येच बोलले?"

मी खुर्चीवरून उतरले, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. हाताची घडी घातली. म्हटलं, "चूक माझी आहे. तू त्या दिवशी सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आता सांग. काय झालं होतं?"

बराच वेळ ती माझ्या घडी घातलेल्या हातांकडे बघत राहिली. भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडेही बघितलं तिने. मग तोंड उघडलं.

"बाई, आमची आई ना..."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिने ओठ मिटले, त्यांवर बोट ठेवलं आणि जागेवर जाऊन बसली. पाठ ताठ, पाय जुळलेले. मी हाक मारली. तिने बोट काढलं नाही.

आता हजेरी घेण्याआधी मी तिच्या बाकापाशी जाते. रोज, एकही दिवस न चुकवता. वाकून विचारते, "त्या दिवशी काय सांगत होतीस गं?"

"काही नाही, बाई," ती म्हणते. हाताची घडी तशीच.