पालखीचा खांदा

पोलादपूरच्या वरच्या वाडीतला कुशाबा त्या वर्षी सगळ्यांवर उखडला होता. महाड-पोलादपूरच्या बुद्धिबळवाल्यांची एक स्पर्धा व्हावी, हा त्याचाच ध्यास. आयुष्यभर आंब्याखाली त्याच त्या चार माणसांशी डाव मांडून त्याचा जीव विटला होता. पन्नाशी उलटली, तरी आपण किती पाण्यात आहोत ते त्याला ठाऊक नव्हतं.

महाडच्या एका वाचनालयाने खोली देऊ केली आणि मग सुरू झालं तारखेचं रडगाणं. ती ठरवायला गावोगावचे खेळाडू नाते गावात जमले. चैत्रात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, वैशाखात लग्नं, पुढं पेरणी, लावणी, गणपती, कापणी, झोडणी, मग जत्रा. वर्षात एक दिवस मोकळा मिळू नये म्हणजे काय! शेवटी उरला शिमग्यानंतरचा रविवार. मुंबईकर खेळाडूही तेव्हा गावी असतात.

तर तुडीलचा पांडू उभा राहिला. कुशाबाला हरवील तर हाच, असं लोक म्हणत. त्याच्या गावची पालखी नेमकी त्याच दिवशी घरोघर फिरणार होती, आणि पहिला खांदा त्याच्या घराचा, बापजाद्यांपासूनचा मान. कुशाबाचं डोकं सणकलं.

"कुणाच्या पालखीसाठी डाव थांबणार नाय. खांदा द्यायचा तर घरी बस."

पांडू खाली बसला. तारीख ठरली.

शिमगा तोंडावर आला आणि कुशाबाच्या वाडीत म्हातारा मुरारी गेला. सगळी वाडी एकाच भावकीची, सुतक फिटेपर्यंत देव बाहेर काढायचा नाही. गावकीने पालखी पुढे ढकलली, ती बरोबर त्या रविवारावर. आणि वाडीतला पहिला खांदा कुशाबाचा!

तो गावकीत जाऊन कडाकडा भांडला. गावकीचा म्होरक्या कोंडाजी ढिम्म हलेना. मुंबईकर सोमवारच्या पहिल्या एस्टीने निघणार, मग पालखी उचलायची कुणी? खांदा एकदा सोडला की मान दुसऱ्या घरी जातो नि परत येत नाही, हेही त्याने ऐकवलं. घरी बायको राहीबाईने तर तोंडच सोडलं. लाकडाच्या सोंगट्यांपायी सासऱ्यांचा मान घालवणार का, म्हणाली. मग स्पर्धाच पुढे ढकलायला लावतो, म्हणून कुशाबा तणतणत महाडला गेला.

वाचनालयात पांडू नाव नोंदवायला आलेला. कुशाबाने चिटणिसांपुढे तावातावाने मागणी मांडली, एकच आठवडा द्या म्हणाला. चिटणीस बोलायच्या आत पांडू उठला. आवाज चढला नव्हता.

"मी खांदा चुलतभावाला देऊन आलोय, कुशाबा. कायमचा. आयनं माझ्याशी बोलणं टाकलंय. तुमच्यासमोर बसायचं म्हणून दिला. आता तुमची पालखी आली, तर तारीख हलायची?"

कुशाबा तसाच वाचनालयाबाहेर पडला. संताप अंगात मावत नव्हता, पण या खेपेला तो काढायचा कुणावर? मिळेल ती एस्टी धरून तो परतला आणि थेट कोंडाजीच्या ओटीवर जाऊन उभा राहिला.

"तात्या, माझा खांदा द्या कुणालाबी."

शुद्धीवर हायस का, कोंडाजीने विचारलं.

"हाय. तुडीलच्या त्या पोराला जे बोललो, ते मला लागू नाय का?"

घरी राहीबाईने ताट वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. रविवारी सकाळी ती देवळाकडे निघाली आणि तो महाडच्या रस्त्याला लागला. उंबऱ्यावर दोघांपैकी कुणीच 'येतो' म्हणालं नाही.