पाचव्या चाकाची येळवस

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. जुनी वयाने. वापराचं विचाराल, तर परवापरवापर्यंत मी अगदी कोरी होते. नव्या टायरच्या अंगावर रबराचे बारीक केस असतात, ते तुम्ही कधी पाहिलेत का? रस्त्यावर एक दिवस पळालं की ते झडून जातात. माझे सहा वर्षं जसेच्या तसे होते! एका लांबलचक, काळ्याभोर, महागड्या गाडीच्या डिक्कीत, गालिच्याखालच्या खड्ड्यात मी पडून असायची.

आता तुम्ही म्हणाल, जी कधी धावलीच नाही तिचं कसलं आलंय आत्मवृत्त? जरा दम धरा. सांगते.

कारखान्यात आम्ही पाच चाकं एकत्र तयार झालो. एकच माप, एकच घडण, एकच चकाकी. गाडीला बसवायची वेळ आली तेव्हा माझे चार भाऊ खाली लागले आणि मला एका कामगाराने उचलून डिक्कीत ठेवलं. मीच का? देव जाणे. त्याच्या हाताला मी आधी लागले, एवढंच असेल. सुरुवातीला मला फार वाईट वाटायचं. भाऊ खाली गाणी म्हणत पळायचे आणि मी वर अंधारात त्यांचा आवाज ऐकत बसायची.

गाडी लातूरच्या अण्णारावांनी घेतली. त्यांची तुरीच्या डाळीची मिल होती. माणूस मोठा हौशी आणि तितकाच शिस्तीचा. दर अमावास्येला सकाळी ते गाडी धुऊन घ्यायचे, चारही चाकांना विभूतीची बोटं ओढायचे, वर बेलाचं पान ठेवायचे. मग डिक्की उघडायचे, गालिचा वर करायचे, मलाही विभूती लावायचे आणि माझ्या अंगावर एक बुक्की मारून विचारायचे, "काय गं, निजलीस का जागी हायस?"

बुक्कीच्या आवाजावरून त्यांना कळायचं, माझ्यात हवा किती आहे ते. आवाज जरा बद्द आला की त्याच पावली हवा भरून आणायचे. त्यांच्या पत्नी, शिवम्मा, दारातून हसायच्या.

"अहो, तिला कशाला विभूती? ती कुठं पळायलीय?"

"पळत न्हाई म्हणूनच," अण्णाराव म्हणायचे. "पळणाऱ्याकडं समदेच बघतेत."

काय सांगू मित्रांनो, त्या एका बुक्कीवर माझा अख्खा महिना निघायचा. आपल्यालाही कोणी विचारतंय, या आनंदात अंधारही बरा वाटायचा.

पण दोन वर्षांपूर्वी या घरावर एकाच महिन्यात दोन घाव बसले. शिवम्मा न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन त्या खाटेवर होत्या, तेवढ्यात अण्णाराव झोपेतच गेले. या घरात देह जाळत नाहीत. बसवून, आपल्याच मातीत समाधी देतात. औशाकडच्या त्यांच्या शेतात, लिंबाच्या झाडाखाली अण्णारावांना ठेवलं. शिवम्मांना उठून बसता येत नव्हतं. फुलांनी सजवलेलं अंत्ययात्रेचं विमान दारातून निघालं ते त्यांनी खाटेवरून पाहिलं, तेवढंच. समाधी काही त्यांना पाहता आली नाही.

त्यानंतर डिक्की पुष्कळदा उघडली. डाळीच्या नमुन्याच्या पिशव्या आल्या, किराणा आला, लग्नाचे आहेर आले. गालिचा मात्र कोणी उचलला नाही. अण्णारावांचा मुलगा उमाशंकर कामाने गांजलेला, त्याच्या ध्यानातच नव्हतं. हवा अशी न सांगता, हळूहळू निघून जाते. मला ते जाणवत होतं, पण मी सांगणार कुणाला?

यंदा शिवम्मा काठी धरून चार पावलं टाकायला लागल्या आणि येळवस तोंडावर आली. आमच्या भागाबाहेरच्या मुलांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूरकडची माणसं घरांना कुलपं लावून शेतात जातात. कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडतात, आणि ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील रंगवलेल्या मडक्यातून डोक्यावर नेऊन निवद दाखवतात. ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर! शहरात त्या दिवशी चहाचं दुकानसुद्धा उघडं सापडत नाही.

शिवम्मा म्हणाल्या, "यंदा आंबील मी नेनार. डोक्यावर न्हाई तर मांडीवर. अन् पयली त्यास्नी देनार."

त्यास्नी म्हणजे अण्णारावांना. अडचण एकच होती. जीपची पायरी उंच, ट्रॅक्टर तर त्याहून उंच. खुबा असा की पाय वीतभराच्या वर उचलत नाही. शिवम्मांना बसता येईल अशी एकच गाडी, ती म्हणजे आमची. खाली, ऐसपैस, दार उघडलं की अलगद आत.

"अव्वा दोन वर्षांनी शिवारात जाणार," उमाशंकर आईविषयी म्हणाला, "गाडी कशी नवरीवानी दिसाया पायजे!"

आणि त्याने ठरवलं, गाडीला मोठी चाकं लावायची.

आम्ही नांदेडला गेलो. उमाशंकरची मुलगी सृष्टी तिथे विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकते. ती दुकानात आली आणि तिने दुकानदाराला प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. शेवटी ती वडिलांना म्हणाली, "पप्पा, रिम दोन इंचांनी मोठी घेऊ, पण टायर तेवढा पातळ. म्हणजे चाकाची बाहेरची उंची जुनीच राहते. न्हाईतर मीटर चुकीचा वेग दाखवंल."

"अन् पातळ टायरचा तोटा?"

"गचके जास्त लागतेत. अन् दगडाधोंड्यात जपायचं. डांबरावर मात्र राजावानी चालंल."

मित्रांनो, ती नवी चाकं मी डिक्की उघडी असताना गालिच्याच्या फटीतून पाहिली आणि खरं सांगते, माझा सगळा रुसवा विरघळला. काय ते रूप! सडसडीत दहा आऱ्या, कडेला चंदेरी धार, मधे गडद राखाडी रंग. टायर रुंद, पट्टी बारीक, कुठे एक रेघ इकडची तिकडे नाही. गाडीखाली ती बसली तशी गाडीची सगळी ऐटच पालटली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. उमाशंकर तर दोन वेळा रस्ता ओलांडून पलीकडे गेला, नुसतं लांबून बघायला!

माझे चारही भाऊ तिथेच राहिले. देगलूरच्या कोणा गृहस्थाने ते घेतले. जाताना आमची भेटसुद्धा झाली नाही. दुकानदार म्हणाला, "पाचवं पण देऊन टाका, सेट होईल." पण सृष्टी म्हणाली, "स्टेपनी राहू द्या. उंची जुळते, अडीनडीला चालंल." मी वाचले. पण तिनेही गालिचा उचलला नाही, दुकानदारानेही नाही. नव्या चौघांची हवा काट्यावर तोलून पाहिली आणि माझ्यावर डिक्की बंद झाली.

येळवसीची सकाळ उजाडली. माझ्या डोक्यावर भज्जीचं पातेलं, उंड्यांची टोपली, खिरीचा डबा. मागच्या सीटवर शिवम्मा, मांडीवर आंबिलीचं मडकं, शेजारी सणाला आलेली सृष्टी. औशाच्या रस्त्याला लागलो आणि नव्या चाकांनी काय सूर धरला म्हणता! वळणावर गाडी तसूभर कलत नव्हती. एवढ्यात समोरची उसाची ट्रॉली अचानक आडवी वळली. उमाशंकरने कचकन ब्रेक दाबला. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या चौघांनी रस्ता असा गच्च धरला, की गाडी ना घसरली ना फिरली, होती तिथेच उभी राहिली.

"सांडली न्हाई बग एक थेंब," शिवम्मा मडक्यात डोकावून म्हणाल्या. "गचक्यानं हाडं बोलतेत जरा, पर चाकं लई गुणाची हायत रे."

उमाशंकरला केवढा आनंद झाला! तो शेतापर्यंत टिकला असता तर बरं झालं असतं. डांबर संपलं आणि शेताकडची कच्ची पांदण लागली. काळ्या मातीत गाड्यांच्या चाकोऱ्या वाळून टणक झालेल्या, मधेमधे दगड टाकलेले. उमाशंकर बैलाच्या चालीने गाडी नेत होता. तरी मागच्या डाव्या चाकाखाली एक धारेचा दगड आलाच. पातळ टायर बाजूने चिरला. फस्स करून आवाज झाला आणि गाडी कुशीवर बसली.

लिंबाचं झाड समोर दिसत होतं. धडधाकट माणसाला पाच-दहा मिनिटांची वाट. शिवम्मांना ती डोंगराएवढी होती.

मागून शेजारच्या शेताचे आनंदराज ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॉलीत त्यांचं सगळं गणगोत. "काकू, या की ट्रॉलीत," ते म्हणाले. सृष्टीने मडकं धरलं, उमाशंकरने आईला आधार दिला. शिवम्मांनी पाय उचलून पाहिला. पुन्हा पाहिला. मग त्या मुकाट्याने सीटवर परत बसल्या आणि मडकं मांडीवर घेतलं.

"जावा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी हितनंच हात जोडते. त्यास्नी कळंल."

"न्हाई अव्वा," उमाशंकर म्हणाला आणि त्याने डिक्की उघडली. पातेलं, टोपली, डबा बांधावर गेले. दोन वर्षांनी गालिचा वर झाला आणि माझ्यावर ऊन पडलं. त्याने अंगठ्याने मला दाबलं. अंगठा आत गेला.

माझ्यात निम्मीसुद्धा हवा नव्हती. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं ज्या एका दिवसासाठी मी पडून होते, तो दिवस आला आणि मी रिकामी!

"पप्पा, हिची हवा कधी बघितली होती?" सृष्टीने विचारलं.

"अण्णा बघायचे," उमाशंकर म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला.

आनंदराज खाली उतरले. नव्या चाकांभोवती त्यांनी एक फेरी मारली. "शेठ, चाकं तर लई देखणी आणलाव," ते म्हणाले, "पर हवा काय नांदेडलाच ठिवून आलाव?" ट्रॉलीभर हशा पिकला. उमाशंकरही हसला. हसता हसता आनंदराजांनी ट्रॅक्टरच्या पेटीतून पायाने दाबायचा पंप काढला. "सरका, मी मारतो."

"न्हाई. मीच मारतो," उमाशंकर म्हणाला.

येळवसीचे पांढरेशुभ्र कपडे घातलेला तो माणूस धुळीत उभा राहून पंप मारायला लागला. घामाने भिजला, दम लागला, तरी पंप सोडेना. गाडीतून शिवम्मा विचारायच्या, "आली का रे हवा?" आणि तो म्हणायचा, "यायलीय अव्वा, यायलीय!" माझ्या अंगात जोर भरत गेला, सुरकुत्या गेल्या, मी ताठ झाले. शेवटी त्याने मूठ वळली आणि मला एक बुक्की मारली. आवाज कसा टणटणीत आला!

मग मला बसवलं, जॅक खाली आला, आणि मी पहिल्यांदा मातीला टेकले. आमची काळी माती! टणक, पण उबदार. माझे रबराचे केस त्या पांदणीत झडून गेले आणि त्याचं मला मुळीच दुःख झालं नाही. नवी देखणी तिघं आणि त्यांच्यात मी जुन्या नक्षीची. दिसायला विजोड दिसत असेन. पण चौघांनी मिळून शिवम्मांना अलगद लिंबाखाली नेलं.

सृष्टीच्या हाताला धरून त्या उतरल्या. समाधीच्या ओट्यावर त्यांनी तळवा टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"आले बगा," त्या म्हणाल्या. "उशीर झाला."

आणि त्यांनी पहिली आंबील तिथे वाहिली. उमाशंकर तोंड फिरवून लिंबाकडे बघत राहिला. परत येताना त्या माझ्यापाशी थांबल्या. बटव्यातून विभूती काढून त्यांनी सृष्टीच्या हाती दिली आणि मला लावायला सांगितली. "आज पळालीस गं बाई," त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर चिरलेलं मोठं चाक डिक्कीत होतं. रुंदीमुळे माझ्या खड्ड्यात ते मावेना, म्हणून पोत्यावर आडवं ठेवलं होतं. त्याला मी हसले नाही. उसाच्या ट्रॉलीपाशी त्यानेच आम्हा सगळ्यांना राखलं होतं. डांबरावरचा त्याचा दिमाख मी विसरणार नाही.

त्याला नवा टायर मिळाला आणि आता ती चौघं पुन्हा ऐटीत पळतात. मी माझ्या अंधारात परत आले आहे. तुमच्याही घरात, गाडीत, दप्तरात, माझ्यासारखं कोणीतरी गालिच्याखाली असेल. रोज नको, महिन्यातून एकदा तरी त्याची विचारपूस करा, एवढंच माझं मागणं आहे.

गेल्या अमावास्येला सकाळी डिक्की उघडली. गालिचा वर झाला. उमाशंकरने मला विभूती लावली, इकडेतिकडे पाहिलं, जरा लाजत बुक्की मारली आणि हुबेहूब आपल्या वडिलांच्या आवाजात विचारलं, "काय गं, निजलीस का जागी हायस?"

दारात काठी टेकून शिवम्मा उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या वतीने त्याच म्हणाल्या, "जागी हाय रे बाबा, जागी हाय."