गार्नेटमधलं शिसं

प्रयोगशाळेच्या दारात आत्या उभी दिसली की येणारा प्रत्येक जण न सांगता हात पुढे करायचा. अंगठी काढा. घड्याळ काढा. तोंडाला पावडर असेल तर धुऊन या. "इथे खडक मोजायचाय, तुमचा नट्टापट्टा नाही," असं म्हणत ती एकेकाला आत सोडायची. तिचे स्वतःचे केस साठी उलटली तरी काळेभोर होते. "आमच्या घराण्यात केस पिकत नाहीत," असं ती छातीठोकपणे सांगे. तिचा सख्खा धाकटा भाऊ पांढराशुभ्र झाला होता. ती म्हणे संगतीचा परिणाम. त्याची मुलगी आत्याच्याच घरी राहून, आत्याच्याच हाताखाली प्रबंध लिहीत होती. तिच्या कपाळावर तिशीच्या आतच एक पांढरी बट आली होती. तीही, आत्याच्या मते, आईकडून आलेली.

वशिल्याची कुजबुज नको म्हणून आत्या या भाचीला दुप्पट राबवायची. घरी भाजी चिरताना "आत्या", प्रयोगशाळेत "मॅडम". रागवायची मात्र दोन्हीकडे सारखीच.

भाचीचा विषय समुद्राच्या तळाचा खडक. हा काळा खडक लाखो वर्षं सरकत राहतो आणि शेवटी शेजारच्या भूखंडाच्या खाली घुसतो. खोल गेल्यावर दाब वाढतो, उष्णता वाढते, खडक आपल्यातलं पाणी सोडतो. त्या पाण्याबरोबर काही मूलद्रव्यं काढता पाय घेतात. बोरॉनला तर निमित्तच हवं असतं. शिसंही मागोमाग निघतं. इट्रियमसारखी काही मागे राहतात, कारण तिथे तयार होणारं गार्नेट नावाचं लालसर खनिज त्यांना पकडून ठेवतं. गार्नेटने एकदा धरलं की सोडणं नाही. आत्याला सगळे पाठीमागे गार्नेटच म्हणत.

शिसं पाण्याबरोबर जातं, गार्नेटमध्ये नावालाच उरतं, हा भाचीच्या प्रबंधाचा कणा. खडक फोडून तिने स्वतः वेचलेल्या दाण्यांत तसंच दिसलंही होतं. पण आत्याला दुसऱ्याचा हात पसंत पडेल तर ती आत्या कसली! "तुझा हात कच्चा आहे," म्हणत ती स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली आणि सुईच्या टोकाने नवे दाणे वेचले. ते मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रात गेले, आणि त्यांत शिसंच शिसं निघालं.

आत्या आनंदाने खुर्चीतून उठली. "जातच नाही गं ते! गार्नेट शिशालाही धरतं! इतकी वर्षं सगळे झोपले होते की काय?"

"मॅडम, मग माझे आकडे?"

"तुझे चुकले. पुढच्या आठवड्यात परिषदेत सांगून टाकते मी."

"आणि माझा प्रबंध?"

"नव्याने लिही. खडक लाखो वर्षं थांबतो, तुला काय धाड भरलीय?"

भाचीची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. शिवाय आत्या चुकीची असेल तर भरसभेत तिचं हसं होणार होतं, आणि तेही भाचीला नको होतं.

तिने यंत्र चालवणाऱ्या शून्यकाकांना गाठलं. कोरा नमुना घातला की यंत्राने शून्यच दाखवलं पाहिजे, हा त्यांचा एकच धर्म. म्हणून हे नाव. ते म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. माणसं तपास." त्यांनी शुद्ध काचमण्याची, म्हणजे गारगोटीची, वाळू दिली. तिच्यात शिसं नाहीच. भाचीने थोडे दाणे स्वतः वेचले, थोडे काकांना वेचायला लावले, आणि उरलेले "हात बसावा म्हणून जरा दाखवा ना" असं गोड बोलून आत्याकडून वेचून घेतले.

आत्या दाखवायला बसली आणि भाची बघत राहिली. दाणा सुईला चिकटेना. तशी आत्याने, गोधडी शिवणारी बाई करते तशी, सुई सर्रकन केसांतून फिरवली. दाणा लगेच चिकटला. पुन्हा सुई केसांत, पुन्हा दाणा. आत्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

भाचीचे आणि काकांचे दाणे स्वच्छ निघाले. आत्याच्या वाळूत शिसं सापडलं.

"आता मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?" काकांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चहाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भाचीने आत्यापुढे एक कागद ठेवला. "मॅडम, हा एक वेगळाच नमुना. बघता?"

आत्याने चष्मा चढवला. "अगं बाई! एवढं शिसं? कुठल्या खाणीतला?"

"न्हाणीघरातला."

"म्हणजे?"

"तुमच्या कंगव्यातला केस आहे, आत्या." भाचीच्या तोंडून प्रयोगशाळेत पहिल्यांदाच 'आत्या' निघालं. "न्हाणीघराच्या कपाटात तुम्ही डोकेदुखीचं औषध म्हणता ती बाटली आहे ना, मूळची चिठ्ठी खरवडलेली? रोज लावून केस हळूहळू काळे करणारं जुनं पाणी. शिशाचंच असतं ते. तुम्ही सुई केसांतून फिरवता."

आत्याचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या कंगव्याला हात लावलास?"

"लावला. प्रबंधासाठी लावला, खोटं कशाला बोलू? पण आता भीती वेगळीच वाटतेय. ते शिसं तुमच्या अंगातही जात असेल. मला नाही चालणार."

जगाच्या अंगठ्या आणि पावडरी दारातच उतरवणारी बाई, स्वतःच्या बाटलीची चिठ्ठी न वाचताच खरवडून बसली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ती उठली आणि दार आपटून निघून गेली. त्या संध्याकाळी घरी ती ताट वाढून घेऊन आपल्या खोलीत गेली. न्हाणीघरातली बाटली मात्र नाहीशी झाली होती.

परिषदेला आत्या गेली. पण शिशावर अवाक्षर न काढता बोरॉनवरच बोलून परत आली. महिनाभरात तिच्या भांगात पांढरी रेघ उमटली. प्रयोगशाळेत कोणाची विचारायची छाती झाली नाही.

मग एक दिवस तिने भाचीला हाक मारली. सूक्ष्मदर्शकापाशी नवे गार्नेट पसरलेले होते.

"तुझ्या प्रबंधाचे दाणे परत वेचतेय. तुझेच आकडे बरोबर निघणार, पण खात्री करून घ्यायला हवी. इकडे ये. खाली वाक."

"कशाला?"

"वाक म्हटलं ना. उशीवरचा तुझा केस काल काकांकडे देऊन तपासून घेतला. शून्य आलं."

भाची वाकली. आत्याने तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या बटेतून सुई अलगद फिरवली, दाणा उचलला आणि समाधानाने म्हणाली, "बघ कसा चिकटला. आमच्या घराण्याचे केस आहेत."