समुपदेशन कक्षाबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. बाकाने असं म्हणणं शोभत नाही, हे मला ठाऊक आहे. लोकांना स्वस्थ बसवणं हेच माझं काम. पण माझा एक पाय इतर तिघांपेक्षा थोडा तोकडा आहे. कोणीही बसलं की मी डुगडुगतो, आणि कोणी नसलं तरी आतल्या आत डुगडुगतच असतो.

माझा जन्म मालवणातल्या एका महाविद्यालयाच्या आवारातला. नव्या इमारतीसाठी तिथला जुना फणस तोडावा लागला. शिवा सुतार म्हणाला, एवढं चांगलं लाकूड जाळू नका, आणि त्याने मला घडवलं. पाय त्याने चारही सारखेच केले होते. मला जिन्यावरून वर नेताना उचलणाऱ्यांच्या हातून मी निसटलो आणि एका पायाचा टवका उडाला. शिवा फार हळहळला. मी मात्र तेव्हापासून चळवळ्या झालो.

माझी पहिली जागा सूचना फलकाखाली होती. ते दिवस आठवले की अजूनही अंगात उत्साह संचारतो. फलकावर काय नसे? राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, विद्यापीठाचा युवा महोत्सव, स्पर्धा परीक्षांचं मार्गदर्शन, मुलाखतीची तयारी, कांदळवनातली अभ्यास फेरी, समुद्रात बुडी मारायला शिकवणारं प्रशिक्षण. वरच्या रांगेतल्या सूचना वाचायला मुलं चपला काढून माझ्यावर उभी राहत. ज्यांनी चपला काढल्या नाहीत, त्यांना मी बरोबर डुगडुगवलं. दोडामार्गचा एक लाजरा मुलगा माझ्यावर चढून मुलाखतीच्या कार्यशाळेची सूचना वाचून गेला होता. पुढे त्याला गोव्यात नोकरी लागली. मिठाई वाटायला आला, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला फार आवडली.

मग सगळ्या सूचना मोबाईलवर येऊ लागल्या. फलकावर नुसत्या टाचण्या उरल्या. माझ्यावर कोणी चढेना, कोणी बसेना. एके दिवशी मला मागच्या पडवीत मोडक्या खुर्च्यांजवळ नेऊन ठेवलं. पावसाळ्यात माझ्यावर बुरशी आली. समोर नुसती भिंत. काय चाललंय, कोण जिंकलं, कोण नापास झालं, काही कळायचं नाही. मी तिथे अक्षरशः तळमळत होतो.

आणि ध्यानीमनी नसताना माझं नशीब पालटलं. विद्यार्थ्यांच्या मनाला आधार मिळावा म्हणून महाविद्यालयात समुपदेशन कक्ष सुरू करायचं ठरलं. मला घासूनपुसून पॉलिश केलं आणि कक्षाच्या दाराबाहेर मांडलं. रंगीत पाटी लागली, फीत कापली गेली, भाषणं झाली. दर बुधवारी सावंतवाडीहून इनासिया मॅडम यायच्या आणि ज्यांना मन मोकळं करायचं आहे त्यांच्याशी बोलायच्या. प्राचार्य सरांनी मोठ्या प्रेमाने कक्षासाठी सगळ्यात मोक्याची खोली निवडली होती. मुख्य दरवाजातून आत शिरलं की उजव्या हाताला, ऑफिसच्या खिडकीच्या अगदी समोर.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मोक्याची जागा म्हणजे सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोरची जागा. आपल्याकडे माणूस दिसला की विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी रीत आहे. खंय चललंस, कोणाचो तू, कित्या बसलंस, म्हणजे कुठे, कोणाचा, कशाला, हे सगळं प्रेमानेच विचारतात. पण माझ्यावर बसलेल्या मुलाला ऑफिसात आलेले पालक बघणार, शिपाई बघणार, आणि संध्याकाळच्या एसटीने त्याच्या आधी बातमी त्याच्या घरी पोचणार. म्हणून माझ्यावर कोणी बसायचंच नाही. इनासिया मॅडम आत एकट्या बसून असायच्या, बाहेर मी एकटा. रंगीत पाटीचा मला राग येऊ लागला.

मग एका बुधवारी संचिता आली.

संचिता विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होती. घर वैभववाडीकडच्या एका खेड्यात, भाताची शेती आणि थोडे काजू. इथे ती मैत्रिणीबरोबर भाड्याच्या खोलीत राहायची. ती माझ्या अगदी कडेला बसली, उठायच्या तयारीत. तिचे गुडघे थरथरत होते आणि त्याबरोबर मीही. इतक्यात तिच्या आईचा फोन आला.

"आये, जेवलंय मी," ती म्हणाली. "बरी आसंय. अभ्यास खूप आसा, म्हणान फोन केलंय नाय."

ती जेवली नव्हती आणि बरीही नव्हती. जिच्यावर ते थरथरणं सुरू होतं, ती फळी मीच, मला कोण फसवणार? ती उठून दाराकडे वळली, तेवढ्यात बाबलीकाका शिपाई चहाची किटली घेऊन आले. मनाने लोण्यासारखा माणूस, पण आवाज असा की पलीकडच्या प्रयोगशाळेत ऐकू जावा.

"काय गो, हंय कित्या बसलंस? बरा नाय काय?"

खिडकीपाशी उभ्या असलेल्या सगळ्या माना वळल्या. संचिता म्हणाली, "नाय, नाय. दाखल्याची चौकशी करूक इलंय."

आणि एकदा तसं म्हटल्यावर तिला खिडकीपाशी जाऊन खरोखरच दाखल्याची चौकशी करावी लागली. महाविद्यालय सोडायचं तर दाखला कसा मिळतो, हे कारकुनाने तिला नीट समजावून सांगितलं. ती परत येताना माझ्याकडे न बघता गेली. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. बाबलीकाकांनी विचारलं, तिने दाखल्याचं नाव काढलं. खोटं कारण पुन्हा पुन्हा सांगितलं की ते खरं वाटू लागतं. त्यानंतरच्या सोमवारी तिने घरी फोन करून सांगून टाकलं, माका शिकूचा नाय, शनिवारी येवन दाखलो काढा. मी लाकडाचा नसतो तर आरडाओरडा केला असता. जी खोली तिच्यासाठी उघडली होती, तिच्या दारातूनच ती महाविद्यालयाबाहेर चालली होती.

त्याच आठवड्यात युवा महोत्सवाच्या तालमी सुरू झाल्या. आवारातल्या काजूखाली मुलांनी नाटुकलं बसवायला घेतलं होतं, आणि देवळातल्या देखाव्यासाठी त्यांना बाक हवा होता. त्यांनी मला उचललं. पडवीत कुजून आलेल्या बाकाला उघड्यावर नेलं की काय आनंद होतो, ते तुम्हाला नाही कळायचं. बुधवार होता. इनासिया मॅडम आल्या, दाराबाहेर बाक नाही म्हणून शोधत काजूखाली आल्या आणि तालीम बघत माझ्यावर बसल्या. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. तिथे सगळेच बसले होते.

नाटुकल्याची सुरुवात गाऱ्हाण्याने होती. आपल्या देवळात गावकार देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, तेच ते गाऱ्हाणं. ओमकार नावाचा मुलगा ते फर्मास म्हणायचा. पण त्या दिवशी त्याच्या घशातून फक्त खरखर येत होती.

"माझो गळो बसलो," तो कसाबसा म्हणाला. "आज दुसऱ्या कोणीतरी म्हणा."

संचिताची खोलीतली मैत्रीण अक्षया नाटुकल्यात होती. शेवटचे दोन दिवस उरलेत, एकटी खोलीवर बसू नकोस, असं म्हणून तिने संचिताला बळेच सोबत आणलं होतं. अक्षया म्हणाली, "संचिता म्हणात. तिचो आजो गावकार आसा. लहानपणापासून आयकता ती."

संचिता नको नको म्हणत उभी राहिली. सुरुवातीला आवाज बारीक होता.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी तुझी लेकरा हंय जमली हत, त्येंका येश दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंच्या मोबाईलाक रेंज मिळांदे रे म्हाराजा. जा वाचूक नाय, ता पेपरात येंव नये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळे खिदळत होते. बाबलीकाकाही किटली धरून थांबले होते. संहितेतलं गाऱ्हाणं तिथे संपत होतं, पण संचिता थांबली नाही.

"आणि ज्या कोणाक रातची निज येणा नाय, छाती धडधडता, आणि कित्याक ता त्येचा त्येकाच कळणा नाय, त्येका निज येंवदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले. मग हसू विरलं.

"त्येका सगळे इचारतत, पण कोण आयकान घेणा नाय. त्येका बोलूक एक माणूस मिळांदे रे म्हाराजा."

गाऱ्हाण्यातलं मागणं उत्तराशिवाय सोडायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. बसलेल्या गळ्याने ओमकार म्हणाला, "व्हय म्हाराजा." मग अक्षया म्हणाली, मग सगळे, हळू आवाजात.

संचिताला रडू कोसळलं. ती आली आणि माझ्यावर, मॅडमच्या शेजारी बसली. मी न डुगडुगण्याची शर्थ केली, पण माझ्या तोकड्या पायाने दगा दिला आणि दोघी एकदम एका बाजूला कलल्या. मॅडमनी तिला सावरलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. बाबलीकाका चहा घेऊन आले, त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि दोन कप ठेवून निघून गेले. बाकीच्यांनी तालीम पुन्हा सुरू केली. त्या गडबडीत संचिता बराच वेळ बोलली. ती काय बोलली ते मी सांगणार नाही, बाकालाही काही धर्म असतो.

शनिवारी तिचे वडील दत्तप्रसाद दाखला काढायला आले. तोवर मी पुन्हा कक्षाबाहेर आलो होतो. दोघं माझ्यावर बसली.

"बाबा, दाखलो नको," संचिता म्हणाली. "माका दिवाळीपासून निज येणा नाय."

"फोनार तर बरी आसंय म्हणान सांगीत होतंस."

"व्हय. खोटा सांगलंय."

त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्यापुढे धरली. मग ती म्हणाली, "आता घराक येतंय. पण बुधवारी माका परत येवचा आसा. ह्या खोलयेत एक मॅडम येतत, त्यांच्याशी बोलाचा आसा." दत्तप्रसादांनी दारावरची पाटी वाचली, खिडकीपुढची रांग बघितली. माझा जीव टांगणीला लागला होता. "मगे मी येतंय सोडूक," ते म्हणाले.

बुधवारी ते आले. संचिता आत गेली आणि ते माझ्यावर बसले, अगदी मधोमध. ऑफिसात त्यांच्याच गावचे एक गृहस्थ मुलाची फी भरायला आले होते. ते थबकले.

"काय रे दत्तप्रसाद, तू हंय? आणि ह्या दारात कित्या बसलंस?"

ज्या प्रश्नाच्या भीतीने आजवर माझ्यावर कोणी बसत नव्हतं, तोच हा प्रश्न.

"माझा चेडू आत आसा," दत्तप्रसाद सरळ म्हणाले. "तिका निज येणा नाय. मॅडमशी बोलता हा. मी थांबलंय."

ते गृहस्थ मान हलवून खिडकीकडे गेले. फी भरली, पावती खिशात घातली, दरवाजापर्यंत गेले आणि परत आले. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "दर बुधवारी येतत मॅडम?"

"व्हय."

"माझो झील हल्ली कोणाशी बोलणा नाय रे. जेवणासुद्धा नाय."

दत्तप्रसाद थोडे सरकले.

मित्रांनो, संचिता अजून येते. तिला सगळ्याच रात्री झोप लागते असं नाही, पण ती शिकते आहे. मला पॉलिश करा, रंग द्या, माझा पाय दुरुस्त करा, असं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. एवढंच मागतो. माझ्यासारख्या बाकावर कोणी एकटं बसलेलं दिसलं, तर कित्या बसलंस म्हणून लांबून विचारू नका. जवळ येऊन बसा. आणि आधीच बसला असाल, तर थोडे सरका.